साली पाहणारे मामाजी

आमच्या गल्लीत नवरा-बायकोचं भांडण झालं की पहिली बातमी लेखरामजींना लागते, आणि तीही बटाट्याच्या सालींवरून. साल पातळ असेल तर घरात सगळं ठीक. सालीबरोबर अर्धा बटाटाच गेला असेल तर सोलणारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लग्न होऊन देवरीत आले तेव्हा मी या शास्त्राला हसले होते. मग एका सकाळी त्यांनी आमच्या दारात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय वो म्याडम, काल भाऊसंग वाजलं वाटते?"

वाजलं होतं.

लेखरामजी गल्लीच्या टोकाला कौलारू घरात एकटेच राहतात. बायको फार वर्षांपूर्वी गेली, मुलगी रायपूरला दिलेली. गल्लीतल्या साऱ्या सुना त्यांना मामाजी म्हणतात. उभी हयात गोंदियाच्या एका राईसमिलमध्ये गेली आणि तिथून ते एकच धर्म शिकून आले. तांदूळ बाजारात जातो, कोंड्याचं तेल निघतं, तुटक्या तांदळाची कणी भाकरीला होते, तूस भट्टीत जळतं आणि उरलेली राख कोणीतरी भांडी घासायला नेतं. "मिलात काही फेकत नाही वो," हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल त्याला सुमार नाही.

सायकलच्या दोन्ही बाजूंना तेलाचे रिकामे पिपे लटकवून ते रोज सकाळी दारोदार येत. एका पिप्यात साली आणि देठं, दुसऱ्यात तांदळाचं धुवण. सारं त्यांच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या बागेत, खताच्या खड्ड्यात जायचं. याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती काठीबद्दल. बादली ओतण्याआधी ते काठीने आतला माल हलवून पाहत, डॉक्टरने जीभ पाहावी तसे, आणि मग निकाल देत.

"कोथिंबिरीच्या काड्या कायले फेकून राहिल्या? चटनीत वाटा."

"फुलकोबीचे पानं? याची भाजी होते नं बापा!"

आमच्या ह्यांना साखरेचा आजार. एकदा आंब्याच्या दिवसांत काठी बादलीत अडकली. "भाऊ, डॉक्टरनं आंबा बंद केला नं तुमचा? मंग ह्या कोया कोनं चोखल्या?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आकाशाकडे पाहत होते. पुढे मला कळलं की त्या दिवसापासून कोया जेवणाच्या डब्यातून ऑफिसात जात होत्या.

मामाजी घरात आले की पाणी प्यायच्या आधी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करत. माझ्या फडताळाकडे पाहून एकदा म्हणाले, "अंधारात हात घातला तरी मिठाच्या जागी मीठच भेटलं पाहिजे." त्यांच्या घरी ते भेटतं. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या एका खुंटीला, सुतळीचे गुंडे दुसरीला, बाटल्या एकीकडे, झाकणं दुसरीकडे. मला राग यायचा, पण ओटा आवरलेला राहू लागला तो त्यांच्याच धाकाने, हे कबूल केलं पाहिजे. शिवाय त्यांनी बादली कधी रिकामी परत दिली नाही. तळाशी दोन दोडके, मूठभर वालाच्या शेंगा, काहीतरी असायचंच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी यायला लागली. भोंग्यावर गाणं वाजवत यायची, ओला वेगळा, सुका वेगळा, सगळं घेऊन जायची आणि कोणाला काही विचारायची नाही. आम्ही सुटलो! पहिल्याच दिवशी मी बादली गाडीत उलटी केली. थोड्या वेळाने मामाजी आले. रिकामी बादली पाहून म्हणाले, "गाडीत टाकलं का? बरं झालं. सोय झाली तुमची." सायकल वळवली आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत.

मग काय, मी मनसोक्त जाड सोललं. ह्यांनी अंगणात बसून उघड उघड सीताफळं खाल्ली. सगळी गल्ली मोकळा श्वास घेत होती. मामाजींची आठवण झाली नाही असं नाही, पण शाळा, घर, पेपर तपासणं, यात राहून गेलं.

त्यांचा एक पिपा आमच्या अंगणात होता. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून त्यांनी जास्तीचा ठेवलेला. एका रविवारी तो परत द्यायला निघाले. त्यांचं भांडं त्यांनाच रिकामं कसं द्यायचं? म्हणून त्या दिवशीच्या साली गाडीत न टाकता त्यात भरल्या.

दारातून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. धावत मागे सांदवाडीत गेले तर मामाजी उन्हात बाजेवर बसलेले. दाढी वाढलेली, सदरा अंगात सैल झालेला. "बसा वो म्याडम," म्हणाले, पण उठले नाहीत.

साली ओतायला मी खड्ड्यापाशी गेले. काठी तिथेच होती. का कोण जाणे, मी त्यांच्यासारखंच खड्ड्यातलं वरवरचं हलवून पाहिलं. वर चहाची पत्ती. खाली वाळका पाला आणि पुन्हा चहाची पत्ती. साल नाही, देठ नाही. मांडवावर दोडके तसेच वाळून गेले होते. जो माणूस कोथिंबिरीची काडी वाया जाऊ देत नाही, त्याचे दोडके वेलीवर वाळले होते!

"मामाजी, चुलीवर काय शिजतं सध्या?"

"चहा."

"आणि?"

"एकट्यासाठी कायले रांधा वो? उरते. उरलं का फेकनं होते."

मला रडू यायला लागलं आणि त्यांचा रागही आला. "आमच्या सगळ्यांच्या बादल्या बरोबर तपासत होता," मी म्हटलं, "आणि स्वतःची?"

ते वेलीकडे पाहत म्हणाले, "आमची घरवाली देवका इथं राहे, मी गोंदियाले मिलात. आठवडी बाजाराले घरी येवो. मी आलो का भाजी-भात तयार. मी गेलो का देवका उपाशी. पोटात दुखे, खाल्लं जाये ना. कोनाले सांगतलं नाही तिनं. मिलातला दाना न् दाना दिसे मले, आपल्या घरची चूल नाही दिसली." त्यांनी नाक पुसलं. "म्हनून साली पाहतो वो. साली दिसल्या का हलकं वाटते. या घरचे लोक जेवले म्हनतो."

मी त्यांना हाताला धरून आमच्या घरी आणलं. पोळी, वांग्याची भाजी, भात. पहिला घास त्यांनी कितीतरी वेळ चावला. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी उगाचच ह्यांच्यावर ओरडले.

आता गाडीत फक्त सुका कचरा जातो. ओल्यासाठी मामाजी येतात, काठी घेऊन, आणि मी काय काय फेकलं ते साऱ्या गल्लीला सांगतात. मी एकच अट घातली आहे. त्यांनी आपल्या घरची बादलीही सायकलवर आणायची आणि आधी मला दाखवायची.

काल तिच्यात दुधीच्या साली होत्या. चांगल्या जाड सोललेल्या. मी काठीने हलवून पाहिल्या. जाड तर जाड, मामाजी जेवले होते.