कोई रह गया?

लिफ्टमध्ये कमांडर तोरसकर भेटले की माझा ऑफिसला उशीर ठरलेला. एक पाय दारात अडकवून ते सबंध मजल्याला आवाज देतात, "कोई रह गया?" कुणी उत्तर देत नाही. ते पुन्हा विचारतात. लिफ्ट टीं टीं करत राहते, आतली माणसं घड्याळं बघतात. त्यांचं समाधान झालं की पाय आत येतो आणि हुकूम सुटतो, "शिडी उचला!"

लखनौच्या 'वृंदावन योजना' वसाहतीतल्या आमच्या टॉवरमध्ये मराठी घरं दोनच. एक आमचं: मी बँकेत, नवरा रेल्वेत आणि कायम दौऱ्यावर, घरात वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई. समोरच्या फ्लॅटमध्ये कमांडर, एकटे. गाव मालवणकडचं, जन्म गेला नौदलात. मग निवृत्तीनंतर इथे कसे, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "नकाशा उघडला आणि समुद्रापासून लांबचं शहर शोधलं. मासे धड मिळत नाहीत, तेवढाच त्रास."

समुद्र सोडला, पण भाषा सुटलेली नाही. स्वयंपाकघर म्हणजे 'गॅली'. भाजीवाल्याला सांगतात, "भैया, टमाटर स्टारबोर्ड में." तो आता न चुकता उजवीकडे ठेवतो. सोसायटीचे सेक्रेटरी मिश्राजी त्यांना तोंडावर 'कमांडर साब' म्हणतात आणि माघारी 'बंदरगाह'.

नोकरीबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. वादळं, खलाशांची भांडणं, त्यांनी जुळवलेली लग्नं. एकच प्रकरण ते गाळतात. समुद्रापलीकडच्या एका देशात यादवी पेटली होती आणि तिथे अडकलेली आपली माणसं आणायला त्यांचं जहाज गेलं होतं. त्याबद्दल पदक मिळालंय. ते स्क्रूच्या डब्यात असतं. विषय निघाला की, "ते सोडा, चहा घेणार?"

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी, घरोघरी एसी चालू असताना, खालच्या मीटरच्या खोलीत धडाड् आवाज झाला आणि वीज गेली. मी दार उघडलं. जिन्यातून काळा धूर वर येत होता. मी काही घाबरट बाई नाही, पण कडीवरचा हात सुटेना. आतून सासूबाई, "काय गं जळतंय? दूध ठेवलंयस का?"

समोरचं दार उघडलं. तोंडाला ओला टॉवेल बांधलेले कमांडर. "टॉवेल भिजवा. लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही. आजी, खुर्चीत बसा."

सासूबाई "अहो, माझा वॉकर" म्हणेपर्यंत आम्ही प्लास्टिकची खुर्ची उचलली होती. पुढून ते, मागून मी. धुरात पायरी दिसत नव्हती, पायाने चाचपावी लागत होती. सासूबाई खोकत होत्या, मग खोकायच्या थांबल्या. त्याची मला जास्त भीती वाटली.

आणि हा माणूस प्रत्येक मजल्यावर थांबत होता. "कोई रह गया?"

"अहो, चला ना! आईंना श्वास येत नाहीये!" मी किंचाळले.

"ऐकू द्या," ते म्हणाले.

खुर्ची थरथरत होती. मला वाटलं ओझ्याने. पण जिन्याच्या खिडकीपाशी त्यांचे डोळे दिसले. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते.

फाटकाशी खुर्ची टेकवली. सासूबाईंनी मोठा श्वास घेतला, आणि मी मान वळवेपर्यंत कमांडर पुन्हा जिन्यात दिसेनासे झाले होते.

मिश्राजी बनियनवर उभे राहून विचारत होते, "सब आ गए न?"

"हाँ हाँ, सब आ गए." सगळ्यांना हायसं वाटलं. कुणी व्हिडिओसुद्धा काढायला लागलं.

कुणीतरी दिलेला पाण्याचा ग्लास सासूबाईंनी माझ्या हातात दिला. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण हिंदी त्यांनी कधी तोंडातून काढलेली नव्हती. त्या खुर्चीतूनच ओरडल्या, "अरे, कमांडर! कमांडर रह गया!"

सगळे जिन्याकडे वळले. जिन्याच्या दारातून धुराचे लोट येत होते. आत जायला कुणी पाऊल उचललं नाही, मीही नाही. बघत राहण्याखेरीज काही करता येत नव्हतं. मग धुराखालून, रांगत, काळेठिक्कर झालेले कमांडर बाहेर आले. एकटेच.

मिश्राजी भडकले. "ऊपर कोई था ही नहीं, साब! किसके लिए गए थे?"

कमांडर खोकत खोकत सासूबाईंच्या खुर्चीशी खाली बसले.

वीज परत आली त्या दिवशी मी त्यांना पिठलं-भात घेऊन गेले. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलले.

"बंदरात गोळीबार सुरू झाला. जहाज माणसांनी खच्चून भरलेलं. मी शिडी उचलायला सांगितली. थांबलो असतो तर सगळेच गेले असते, त्यामुळे हुकूम बरोबरच होता. जहाज सुटलं आणि धक्क्यावर एक बाई धावत आली. कडेवर मूल. आपण रिक्षाला करतो ना, तसा हात करत होती. ओरडतही असणार. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही."

"जेवून घ्या, गार होतंय," मी म्हटलं.

ते जेवले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "मी वर होतो तेव्हा खाली कुणी माझं नाव घेतलं?"

"सासूबाईंनी."

"मोठ्याने?"

"चांगलं मोठ्याने. तेही हिंदीत."

ते ताट घेऊन गॅलीत गेले. नळ बराच वेळ चालू होता. एका ताटाला एवढं पाणी लागत नाही.