एक थाप म्हणजे थांब

गाडीला मागून पोचा आला आणि घरात दोन तट पडले. जावयाचं म्हणणं, सासऱ्यांनी वेळेवर सांगितलं नाही. सासऱ्यांचं म्हणणं, सांगितलं होतं, पण ऐकणाऱ्याचे कान दुकानातच राहिले होते.

"मी डिकीवर थाप मारली होती," सासरे म्हणाले.

"एकच मारलीत!"

"थांबायला एकच लागते, जावईबापू. दोन म्हणजे जाऊ दे."

"बाबा, एक थाप ऐकून मला वाटलं, तुम्ही डास मारला."

आता यात सासऱ्यांची काय चूक? एकतीस वर्षं ते बसचे कंडक्टर होते. घंटेचा एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्यांचं सगळं आयुष्य या दोन वाक्यांत चाललेलं. आळीतले लोक त्यांना डबलबेलच म्हणायचे. घाटातल्या वळणावर, मागे दरी असताना, नुसत्या थापांवर त्यांनी पन्नास माणसांची बस वळवून दिली होती, आणि तीही चहा थंड व्हायच्या आत. निवृत्तीनंतर लेकीकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी गाडी उलटी फाटकातून आत घ्यायचं काम त्यांनी न सांगता अंगावर घेतलं. त्यासाठी रोज इस्त्रीचा शर्ट घालत.

फाटकाला दोन दगडी खांब, आणि मधून गाडी गेली की दोन्हीकडे वीतभरसुद्धा जागा उरत नसे. जावई चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा, पण मान वळवून मागे बघायचं म्हटलं की त्याला धडकी भरायची. खरं सांगायचं तर गाडी डबलबेलच आत आणायचे. जावई नुसता बसायला असायचा.

पण माणूस चिडला की त्याला खरं कुठलं सुचायला? त्याने गाडीच्या मागे लावायचा कॅमेरा आणला.

"मेकॅनिककडून बसवून घ्या," बायको म्हणाली.

"चष्म्यातला मोहरीएवढा स्क्रू बसवतो मी. चार तारा जोडायला मेकॅनिक कशाला?"

रविवारी सकाळी अंगणात त्याने डिकी उघडली आणि मागच्या दिव्याचा सांगाडा काढला. पहिला स्क्रू बंपरमध्ये पडला. तो काढायला चिमटा घातला, तर चिमटाही आत गेला. डबलबेल पायरीवर बसून, खोक्यातलं पिवळं माहितीपत्रक नाकाशी धरून वाचत होते.

"जावईबापू, यात काय लिहिलंय ते..."

"बाबा, वाचत बसलो तर संध्याकाळ होईल."

कॅमेऱ्याच्या वायरीतून एक हिरवी तार फास होऊन बाहेर आली होती. जिथून निघत होती तिथेच परत जात होती. "ही उगाच लोंबतेय," असं म्हणून जावयाने ती कात्रीने तोडली. पायरीवर डबलबेलनी डोळे मिटून घेतले.

रिव्हर्सच्या दिव्याची तार हुडकायची, तिला कॅमेऱ्याची लाल तार जोडायची, आणि लांब वायर गालिच्याखालून स्टिअरिंगशेजारच्या, चित्र दाखवणाऱ्या छोट्या पडद्यापर्यंत न्यायची, एवढंच काम होतं. त्यात तीन तास गेले. मग बायकोला आत बसवलं.

"रिव्हर्स टाक. दिसतंय?"

"नाही."

"ब्रेक दाबून बघ."

"अगंबाई, दिसलं! पण गिअर सोडवला तरी दिसतंय. अहो, ब्रेक दाबला की मागचं दिसतंय!"

तार ब्रेकच्या दिव्याची निघाली होती. म्हणजे पुढे जाताना जरा थांबायचा अवकाश, की मागचं सगळं डोळ्यांपुढे उभं. म्हातारपणात माणसाचं होतं तसंच. तार सोडवून पुन्हा जोडायला तो डिकीत शिरला, तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली.

"बाबांनी माळ्यावरून बॅग काढलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या माझ्या धाकट्या भावाकडे राहायला जातायत."

"का? काय झालं?"

"मी विचारलं. म्हणाले, तिथे गाडी नाही, पण निदान गाडी असून नको झालोय असं तरी नाही."

जावयाच्या हातातली टेप तशीच राहिली. सासूबाई गेल्यावर हा माणूस एकच बॅग घेऊन आला होता. वर्षभरात त्याने भाजीला नाव ठेवलं नाही, की टीव्हीचा रिमोट मागितला नाही. संध्याकाळची ती दहा मिनिटं तेवढी स्वतःची मानली होती. आणि आपण तीच काढून घेतली! जावयाला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण तार तर जोडून झाली होती, आणि शेजारीपाजारी कठड्यावर येऊन उभे होते. काम अर्ध्यात सोडलं असतं तर वर्षभर टिंगल पुरली असती.

त्याने गाडी रस्त्यावर काढली, पुन्हा फाटकाशी आणली आणि रिव्हर्स टाकला. पडदा लख्ख उजळला. अंगण, पायरी, पायरीवर हाताची घडी घालून तोंड फिरवून बसलेले डबलबेल, सगळं दिसत होतं. जवळचा खांब पडद्यात डाव्या हाताला होता. जावयाने त्याच्यापासून दूर, उजवीकडे गाडी घेतली. खांब जवळ आला. त्याने आणखी उजवीकडे घेतली. खांब आणखी जवळ आला!

डबलबेलनी मधे पडायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवलं होतं म्हणे. पण एकतीस वर्षांची सवय काय रुसवा बघते? ते पायरीवरून उठले कधी आणि गाडीमागे पोचले कधी, ते कुणालाच कळलं नाही.

धप्प!

एकच थाप. या खेपेला जावयाचा पाय विचार न करता ब्रेकवर गेला. तो उतरून बघतो तर उजवा खांब आणि गाडी यांच्यात चार बोटं जागा होती. डबलबेल तळहात झटकत उभे होते, आणि चेहऱ्यावर 'बघा, मी सांगत होतो' असला भाव औषधालाही नव्हता. काय माणूस आहे, जावयाला वाटलं. आपण असतो तर शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं असतं.

तो पुन्हा आत बसला आणि पडद्याकडे नीट बघितलं. पायरीवरच्या भिंतीला डबलबेलनी आपल्या जुन्या बसमधली पाटी लावलेली होती. 'पुढील दाराने उतरावे.' पडद्यावर ती स्वच्छ वाचता येत होती, आणि तिथेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात तो दिवसभर आरशासमोर उभा असतो. आरशात अक्षरं उलटी दिसतात. गाडीचा मागचा कॅमेराही आरशासारखाच दाखवतो. इथे अक्षरं सुलटी दिसतायत, म्हणजे डावं-उजवं बदललंय. हिरवी तार! दोन टोकं पिळून जोडायची, की झालं. दोन मिनिटांचं काम.

"काय हो, जमेल ना नीट करायला?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"छे!" जावई मोठ्यांदा म्हणाला. "कॅमेऱ्यातच खोट आहे. डावं उजवीकडे दाखवतो. माझ्याच्याने तर नाही होणार."

"मग बदलून आणा."

"खोकं फाडलं. आता कोण घेतंय परत?"

डबलबेलनी घसा खाकरला. "म्हणजे मागे कुणालातरी उभं राहावं लागणार."

"रोज, बाबा. आता तर पडद्यामुळे जास्तच गोंधळ होणार."

"रोज म्हणजे... धाकट्याकडे जाणं जमायचं नाही मग," डबलबेल म्हणाले आणि फाटकाची कडी उगाचच दोनदा वर-खाली करून बघितली. दुपारी बॅग माळ्यावर गेली. एक धोका मात्र होता, ते पिवळं माहितीपत्रक बायकोच्या हाती लागलं तर! जावयाने खोकं, डिकी, कचऱ्याचा डबा, सगळं धुंडाळलं. पत्रकाचा पत्ता नव्हता.

सोमवारी संध्याकाळी गाडी फाटकाशी आली. डबलबेल इस्त्रीच्या शर्टात तयार होते. जावयाने रिव्हर्स टाकला, तसे ते कॅमेऱ्यावर वाकले आणि रुमालाने काच पुसू लागले. पडदाभर त्यांची छाती आली, आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारा पिवळा कागद. घडीच्या वरच्या भागावर दोनच ओळी दिसत होत्या. जावयाने त्या वाचल्या. 'चित्रात डावे-उजवे बदलल्यास तोडलेली हिरवी तार पुन्हा जोडावी.' खाली कंडक्टरच्या जाड पेन्सिलीने दोन रेघा मारलेल्या होत्या.

डबलबेल सरळ झाले. त्यांनी कागद खिशात खोल सारला, बटण लावलं आणि विचारलं, "दिसतंय ना नीट?"

"काही म्हणजे काही कळत नाही, बाबा!" जावई ओरडला. "तुम्हीच सांगा!"

डिकीवर दोन थापा पडल्या.