रशीदभाईंचा चार वाजताचा पाऊस

रशीदभाई रोज दुपारी चार वाजता पावसात उभे राहायचे. उस्मानपुऱ्यात, एप्रिलच्या उन्हात, स्वतःच्या घराच्या गच्चीवर. पाऊस मी पाडायचो. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढून, झारीनं.

"जोरात सोडा, माधवराव! लग्नात गुलाबपाणी शिंपडताय व्हय? विषुववृत्त हाय हे!"

मी जोरात सोडायचो. खाली हातात छत्री, डोक्यावर टोपी, गुडघ्यापर्यंत बूट अशा थाटात रशीदभाई समोरच्या रिकाम्या गच्चीला इंग्रजीतून बेरीज शिकवायचे. धडा संपला की छत्री मिटून पहिला प्रश्न ठरलेला, "कोरडं हाय का बघा." म्हणजे पाठीवरची पिशवी.

शेजारच्या पाटीलवहिनी गॅलरीतून ओरडायच्या, "नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय, अन् तुम्ही पाऊस पाडताय!"

"एक थेंब वाया नाय भाभी! खाली घमेलं हाय. तुमच्या कढीपत्त्यालाच घालतो."

घालायचेही. तो कढीपत्ता पार त्यांच्या गॅलरीत घुसला.

आम्ही दोघं पोलीस ॲक्शनच्या पुढच्याच साली, एकोणपन्नासला जन्मलेले. एकाच शाळेत तीस वर्षं शिकवलं. ते भूगोल, मी गणित. पाठ्यपुस्तकात होतं, विषुववृत्तीय जंगलात रोज दुपारी चारच्या सुमारास पाऊस पडतो. एकदा सातवीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, तुम्ही बघितला का?" दुसऱ्या कुणी तिला खाली बसवलं असतं. रशीदभाई म्हणाले, "बघून सांगतो."

निवृत्त झाल्यावर त्यांना पेपरात एक बातमी दिसली. परदेशातली एक शिक्षणसंस्था गयानाच्या जंगलातल्या शाळांसाठी निवृत्त शिक्षक शोधत होती. वर्षभर राहायचं, पगार नाही, जेवण मिळेल. रशीदभाई कात्रण घेऊन माझ्याकडे अक्षरशः पळत आले. चप्पल एकाच पायात.

"माधवराव, चार वाजताचा पाऊस! आपल्या डोळ्यानं!"

त्या दिवसापासून तयारी सुरू. छावणीच्या बाजारातून जुने लष्करी बूट आणले, दोन नंबर मोठे. मी म्हटलं, पाय आत फिरतोय तुमचा. "चांगलंच हाय की. साप चावला तर बुटाला चावंल. आत पाय कुठंय ते त्याला सापडायचं नाय." जंगलात कागद सडतो, खडू ओला होतो, हे कुठंतरी वाचलं. मग मेणकापडावर आकडे शिवायला बसले. त्यांची बायको गेल्यापासून तिचं शिलाई मशीन झाकलेलं होतं. सहा वर्षांनी त्याला तेल पडलं. एक ते शंभर आकडे शिवले. आठाला तीन दिवस लागले, कारण दोन्ही गोल सारखे येईनात.

आणि पिशव्या! दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवायच्या, प्रत्येक वस्तू दोन पिशव्यांत बांधायची, वर लेबल. 'काडेपेटी.' 'मोजा, डावा.' 'मोजा, उजवा.' 'सुई-दोरा.' 'मुलीचा फोटो, नांदेड.' सगळं त्या पाठीवरच्या पिशवीत. चौकातला चहावाला विचारायचा, "सर, कधी निघणार?" की रशीदभाई तिथंच पिशवी उघडून दाखवायचे. सगळी गल्ली गयानाला निघाल्यासारखी झाली होती.

फोनवर मुलाखत झाली. निवड झाली. फक्त एका जुन्या सहकाऱ्याचं पत्र हवं होतं, की हा माणूस दूरच्या भागात राहू शकेल. रशीदभाईंनी त्याचा फॉर्म माझ्या हातात दिला. "तुम्ही लिहा. तुम्ही गणितवाले, चुकायचं नाय."

महिनाभर रोज भिजूनही त्यांना साधी शिंक आली नव्हती. झारी धरून मलाच सर्दी झाली होती, छातीत घरघर लागली होती. फॉर्म घेऊन मी टेबलाशी बसलो. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एकच विचार मनात येत राहिला, हा गेला तर चार वाजता मी कुणाच्या गच्चीवर जायचं?

मी लिहिलं, 'उमेदवारास दमा आहे. दमट हवा सोसत नाही.' माझा खोकला मी त्यांच्या नावावर लिहिला, सही केली, फॉर्म स्वतः पोस्टात टाकला.

नकार आला. चौकात सगळ्यांनी विचारलं, काय झालं? रशीदभाईंनी हात जोडले. "अरे, आपन डर गये भाई. सापाला. नाय जमायचं."

गल्ली हसली. पुढं कित्येक वर्षं पोरं त्यांच्या मागून "सर, साप!" म्हणून ओरडायची. ते दचकल्याचं नाटक करून उडी मारायचे. पाटीलवहिनी म्हणायच्या, "गयानाला जाणार व्हते म्हणं!" मीही हसायचो. मला वाटायचं, संस्थेनं कारण कळवलंच नसेल.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे बसलो होतो. शर्टाचं बटण तुटलं. ते आत चहा टाकत होते. "पिशवीत सुई-दोरा हाय," आतून आवाज आला, "लेबल वाचून काढा."

पिशवी तशीच भरलेली, खुंटीला टांगलेली. मोजे, काडेपेटी, आकड्यांची गुंडाळी. तळाशी एक चपटं पुडकं, दुधाच्या दोन पिशव्यांत. लेबलावर त्यांच्या सुबक अक्षरात, 'माधवरावांना दाखवू नये.'

गाठ सोडून मी आतला कागद उघडला. संस्थेचं पत्र. तुमच्या सहकाऱ्यानं तुमच्या दम्याबद्दल वेळेवर कळवलं, त्यांचे आभार. खाली माझं नाव.

म्हणजे कुणी कारण खोदू नये, म्हणून हा माणूस पंधरा वर्षं सापाला भीत राहिला.

"सापडलं?" ते कप घेऊन दारात.

मी घाईनं गुंडाळून पुडकं तळाशी ढकललं, सुई-दोरा वर काढला. "सापडलं."

"कोरडं हाय का?"

"कोरडं आहे."

त्यांनी कप ठेवला, माझ्या हातातून सुई घेतली, खिडकीपाशी धरून पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि माझं बटण लावायला घेतलं.

तर उस्मानपुऱ्यातल्या सर्वांना कळावं. रशीदभाई घाबरले नव्हते. घाबरलो होतो मी. आज हे लिहिलेले कागद दुधाच्या दोन पिशव्यांत बांधून, चार वाजता त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे. लेबल लिहून ठेवलंय, 'रशीदभाईंना दाखवावे.'

झारीही सोबत घेतोय.