वाडग्यातली वाटी

एका जंगलात, मुलांनो, अर्जुनाचं एक झाड होतं. कोणत्या जंगलात ते विचारू नका. मी नाव सांगितलं की तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणार, तिथे अर्जुन होतच नाहीत, आणि मग मला आठवडाभर झोप लागणार नाही.

तर त्या झाडाच्या ढोलीत वेणूताई नावाच्या खारबाई राहत. त्यांचे यजमान बंडोपंत, दोन पिल्लं आणि सासूबाई असा संसार. झाडाखालची गुहा बरीच वर्षं रिकामी होती. एका उन्हाळ्यात तिथे अस्वलांचं बिऱ्हाड आलं. गिरिजाबाई आणि रंगराव. माणसं चांगली होती. म्हणजे, अस्वलं चांगली होती.

नव्या घरात आलं की शेजारी काहीतरी गोड पाठवायचं, अशी त्या जंगलात पद्धत होती. गिरिजाबाईंनी वाडगाभर मध वर पाठवला. अस्वलांच्या घरी त्याला वाडगा म्हणत. ढोलीत तो ठेवल्यावर सासूबाईंना बसायला जागा उरली नाही.

मध सगळ्यांनी चाटला. पिल्लं त्यात चिकटली, त्यांना धुऊन काढावं लागलं. मग वाडगा घासूनपुसून परत न्यायला वेणूताईंनी बंडोपंतांना हाक मारली, तर सासूबाई आडव्या आल्या.

"रिकामा नेणार?"

तुमच्याही घरी हे असेल, मुलांनो. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. तुमच्या आईने कधी त्यात चिमूटभर साखर टाकली असेल, कधी कुंडीतलं एखादं फूल. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मी या विषयावर पुष्कळ वाचलं, काही सापडलं नाही. कदाचित पुस्तकं चुकीची निवडली असतील.

सासूबाईंना मात्र कारण ठाऊक होतं. त्यांच्या चुलतसासूंनी एकदा एका मुंगसाचं तसराळं रिकामं परत केलं होतं. तेव्हापासून त्या शाखेला सगळे 'रिकाम्या भांड्याचे' म्हणतात आणि त्यांच्या मुलींची लग्नं जमता जमत नाहीत. ही गोष्ट सासूबाई दर सणाला सांगत. कधी ते मुंगूस असे, कधी ससा. एकदा मोरही होता. पण तसराळं रिकामं होतं, यात कधी फरक पडला नाही.

चिमूटभर काहीतरी टाकू या, असं वेणूताई म्हणाल्या. सासूबाईंनी वाडग्यात वाकून पाहिलं आणि सांगितलं, की यात चिमूट टाकली तर ती शोधायला कुणालातरी आत उतरवावं लागेल.

ते दिवस चारोळीचे होते. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही, म्हणून खारी उन्हाळाभर चारोळ्या फोडून ठेवतात. फार दातांचं काम असतं. वेणूताईंनी त्या साठ्यातून वाडगा भरला. ढोलीचा एक कोपरा मोकळा झाला. वर तोंडी लावायला म्हणून आपल्या इवल्याशा वाटीत आवळ्याचं लोणचं ठेवलं. बंडोपंतांनी भावकी गोळा केली आणि सगळ्यांनी मिळून वाडगा वेलीने खाली सोडला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण वाटी खाली राहिली.

आता ती वाटी परत करायची होती, आणि अस्वलांतही पद्धत तीच होती. गिरिजाबाई वाटीत मध भरायला गेल्या, तर त्यांचं नखसुद्धा आत जाईना. शिवाय एवढासा मध पाठवला तर वरचे काय म्हणतील? त्यांनी वाडगा पुन्हा काठोकाठ भरला आणि त्यात वाटी अलगद तरंगत ठेवली. सोबत निरोप दिला, की लोणचं फारच छान होतं, ह्यांनी बोटं चाटली.

खरं तर लोणच्याने रंगरावांना शिंकांवर शिंका आल्या होत्या. पण असं कुणी कळवत नाही.

हा निरोप दोन्ही घरांना महागात पडला. वाडगा भरून द्यायचा तर वाटीतून लोणचंही द्यायला हवं, कारण ते आवडलं होतं. लोणचं आलं की वाटी परत करायला हवी. वाटी परत करायची तर वाडग्यातून, आणि वाडगा भरल्याशिवाय हलणार नाही. वाडगा आणि वाटी एका दोरीला बांधल्यासारखी वर-खाली फिरू लागली.

जवळची मधाची पोळी संपल्यावर रंगराव डोंगरापलीकडे जाऊ लागले. तिथल्या माश्या त्यांना ओळखत नव्हत्या. त्यांचं नाक इतकं सुजलं की आधी नाक घरात येई आणि मग रंगराव. एकदा मध मिळाला नाही म्हणून गिरिजाबाईंनी मोहाची फुलं पाठवली. सासूबाईंनी ती चाखली आणि दुपारभर शेजारच्या फांदीवरच्या वटवाघळाला जावईबापू म्हणत राहिल्या. तरीही वेणूताईंनी कळवलं, की फुलं सगळ्यांना फार आवडली.

खाली गिरिजाबाई नवऱ्याला म्हणत, वरच्या बाईंना भारी हौस आहे, भांडं गेलं नाही तोच भरून हजर. वर बंडोपंत बायकोला म्हणत, खालच्यांना मोठेपणा मिरवायचा आहे, दुसरं काय. थांबावं, असं दोन्ही घरांना वाटत होतं. फक्त ते दुसऱ्याने थांबावं असं वाटत होतं.

झाडाच्या शेंड्यावर डॉक्टर पिंगळे, जातीने घुबड, राहत. परतीच्या भांड्यांवर त्यांचा जाडजूड प्रबंध होता. त्यांना स्वतःला कुणी कधी काही पाठवत नसे, त्यामुळे त्यांची दृष्टी निःपक्षपाती होती. बंडोपंतांनी त्यांचा सल्ला मागितला. एका बाजूने पाहिलं तर वाडगा मूळचा आणि वाटी आगंतुक, असं ते म्हणाले. मग मान पूर्ण फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर उलटंही दिसलं. शेवटी, विषय गुंतागुंतीचा आहे, पावसाळ्यानंतर बसू, असं ठरलं. मी त्यांना दोष देत नाही. मीही हेच म्हणालो असतो.

पण पावसाळा कुणासाठी थांबत नाही. वाडगा पुन्हा एकदा वर आला आणि वेणूताईंनी साठा पाहिला. आता एवढ्याच चारोळ्या उरल्या होत्या की त्यात एकतर वाडगा भरला असता, नाहीतर पावसाळा निघाला असता. धाकटं पिल्लू रिकाम्या कोपऱ्यात कोलांट्या मारत होतं. त्याला वाटत होतं, आपल्याला खेळायला जागा केली आहे.

सासूबाई म्हणाल्या, पोरं काय, चार दिवस कमी खातील, नाव गेलं की गेलं.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, तेव्हा वेणूताईंनी वाडगा लख्ख घासला, वेलीला बांधला आणि तसाच खाली सोडला. तो इतका हलका होता की भावकीला बोलवावं लागलं नाही. मागोमाग त्याही खाली उतरल्या.

गिरिजाबाई दारातच होत्या. आत रंगराव नाकाला ओला चिखल थापून पडले होते. वेणूताईंनी वाडगा पुढे ढकलला. गिरिजाबाईंनी तो उचलून उजेडाला धरला.

"रिकामा आहे?"

"हो, वहिनी."

"तळाशीसुद्धा काही नाही?"

"काही नाही. फूलही नाही."

"आणि तुमची वाटी?"

"घरी ठेवली."

गिरिजाबाई मटकन खाली बसल्या. वेणूताईंना वाटलं, आता संपलं, आता आपल्या मुलींची लग्नं होत नाहीत. पण गिरिजाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला.

"देवासारख्या आलात हो. हे उद्या पुन्हा डोंगरापलीकडे निघाले होते. मी कशी अडवणार, सांगा."

आतून रंगराव शिंकले.

"पण वेणूताई, मला रागवावं लागेल," गिरिजाबाई म्हणाल्या. "वाडगा रिकामा आला आणि मी गप्प बसले, असं माहेरी कळलं तर मला उभी करणार नाहीत. उद्या पाणवठ्यावर मी तुमच्याबद्दल वाईट बोलेन. मनाला लावून घेऊ नका."

"काय बोलाल?"

"उद्धट म्हणेन. चालेल?"

"चालेल. कंजूष तेवढं म्हणू नका, सासूबाई अंथरूण धरतील."

"बरं. तुम्हीही बोला काहीतरी, नाहीतर बरं दिसत नाही."

वेणूताईंनी विचार केला. "मी म्हणेन, वाडग्याला वास येत होता."

गिरिजाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वाडगा हळूच नाकाशी नेला. "येतो का हो खरंच?"

"नाही हो, वहिनी. छान आहे वाडगा."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर असं भांडण झालं की हरणं पाणी प्यायची विसरली. जंगलात दोन तट पडले. डॉक्टर पिंगळ्यांनी प्रबंधाला एक पुरवणी जोडली. सासूबाईंनी दिवसभर तोंडावर पांघरूण घेतलं. पण वाडग्याला वास होता हे कळताच त्या उठून बसल्या. आता दर सणाला त्या सांगतात, की आपल्या घराण्यात वासाच्या भांड्यात कुणी काही घालत नाही. हल्लीच्या गोष्टीत तो वाडगा हत्तीचा असतो.

पाऊस आला. पिल्लांनी चारोळ्या खाल्ल्या. रंगरावांचं नाक आणि रंगराव एकदमच घरात येऊ लागले. ती दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. फक्त दुपारची सगळी निजानीज झाली की दोघी बायका कधीमधी वारुळामागे भेटतात, असं ऐकलं आहे. खात्रीने सांगता येणार नाही. पण ज्यांनी पाहिलं ते म्हणतात, की दोघी हात हलवत येतात आणि पुष्कळ वेळ बसतात.

तात्पर्य: शेजाऱ्यांशी संबंध चांगलेच ठेवावेत. मात्र ते परवडेनासे झाले, तर दोघांनी एकमेकांना विचारून, प्रेमाने आणि पावसाळ्यापूर्वी बिघडवावेत.