पीडीएफ टूल कंटेनरी बसविले, त्या मोहिमेची हकीकत

सर्व्हरचे मुलखी जे वर्तमान घडले ते साद्यंत लिहोन ठेवितो, जेणेकरून पुढील पिढ्यांनी हीच चूक अधिक दिमाखाने करावी.

तिसरे मजल्यावर, ऐन एसीखाली, खासे टीमलीडसाहेब, अखंडमीटिंगमंडित, यांची खुर्ची. त्यांचे पदरी एक इंजिनिअर बाई, कामास चोख, म्हणोनच दुर्लक्षित. ते दिवशी तिचे वडिलांचे डोळ्याची पट्टी चार वाजता सुटणार होती, आणि पहिले तोंड लेकीचेच पाहीन ऐसा हट्ट त्यांनी धरिला होता, मग बाईने लवकर निघण्याची परवानगी मागितली. साहेबांनी फर्मान काढिले की, प्रमाणपत्रे छापणारे पीडीएफ टूल कंटेनरात, म्हणजे सर्व्हरवरील प्रोग्रामाचे बंदिस्त कोठडीत, बसल्याखेरीज कोणी जागचे हलू नये.

बाईने अर्ज गुजारिला की, टूल इमेजमध्ये घालावे. इमेज हा साचा, कंटेनर त्यातून निघतो, साच्यात नाही ते टिकत नाही. साहेब हसले. साचा नव्याने घडविण्यास वीस मिनिटे, इतकी सवड कोणास, ऐसे म्हणोन स्वारी जातीने चालत्या कंटेनरात शिरली, आणि कमांड टंकिली, आणि टूल बसले, मग टाळ्या जाहल्या, मग कंटेनर साच्यातून नव्याने उभा राहिला, आणि टूल बेपत्ता. पुन्हा बसविले, पुन्हा गेले. ऐसे सात हल्ले जाहले आणि दोन तास खर्ची पडले, वीस मिनिटे वाचविण्याकरिता.

पावणेतीनास साहेब कॉफीचे स्वारीवर गेले. बाईने साच्याचे फाइलीत एक ओळ घातली आणि इमेज घडविण्यास लाविली. वीस मिनिटे तिचा जीव टांगणीस लागला. मग कंटेनर दोनदा नव्याने उभा केला, आणि टूल जागचे हलले नाही.

साहेब परतले, पडदा पाहिला, आणि आपल्या सातव्या हल्ल्याचा परिणाम आता दिसो लागला ऐसे जाहीर करोन सर्वांस मेल धाडिते जाहले. बाईचा संताप अनावर जाहला, पण भांडत बसावयास वेळ नव्हता, मग तिने बॅग उचलिली आणि जिना धरिला.

दवाखान्यात ती धापा टाकीत पोचली, आणि नर्सने पट्टी सोडिली. बाबांनी डोळे मिचकाविले, लेकीकडे टक लावोन पाहिले आणि म्हणाले, "किती सुकलीस गं! त्या तुझ्या साहेबाला सांग, आता मला सगळं दिसतंय."

बाईस हसू आणि रडू एकदम आले. मेलमध्ये फत्ते साहेबांचे नावे रुजू आहे. येथे ती बाईचे नावे रुजू केली असे.