त्र्यंबकरावांच्या मोटारीतला आवाज

मुलांनो, एका जंगलात त्र्यंबकराव नावाचं अस्वल राहत होतं आणि त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती. जंगलात मोटार कुठून आली, असं विचारू नका. तुमच्या घरी व्यायामाची सायकल आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतात. ती कशाला आणली, असं मी कधी विचारलं का?

मोटार त्र्यंबकरावांच्या वडिलांची. फिकट निळी, गोल दिव्यांची. दार एकदा ओढून लागत नसे, दुसऱ्यांदा आपटावं लागे. त्र्यंबकराव तिला रोज पुसत आणि आठवड्यातून एकदा चालवत.

एका मंगळवारी चढावर गिअर बदलताना आवाज आला. कट्, आणि मागोमाग कुर्र.

त्र्यंबकरावांनी गाडी थांबवली आणि चेहरा गंभीर केला. खरं सांगायचं तर त्यांना आतून आनंद झाला होता.

त्याचं कारण असं. त्या जंगलात जुन्या गाडीवाल्यांचं एक मंडळ होतं. दर रविवारी सकाळी सगळे वडाखाली जमत. ज्याची गाडी ठणठणीत, त्याला कोणी काही विचारत नसे. ज्याच्या गाडीत काही वाजत असे, त्याच्याभोवती घोळका होई. आणि काय वाजतंय ते कुणालाच कळत नसेल, तर त्या मालकाला चहा दुसऱ्यांदा मिळे. त्र्यंबकरावांना आठ वर्षांत दुसरा चहा मिळाला नव्हता.

घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, कुमुदबाईंनी विचारलं, "अहो, अक्काला कधी न्यायचं?"

अक्का म्हणजे कुमुदबाईंची थोरली बहीण. लहानपणी दोघी नदीकाठच्या एका जांभळाखाली वाढल्या होत्या. आता अक्काला चालवत नव्हतं आणि दिसायलाही कमी झालं होतं. एकदा त्या झाडाखाली बसून पोटभर जांभळं खायची, एवढंच तिने मागितलं होतं. पुढच्या हंगामाला मी असेन नसेन, असंही ती म्हणाली होती. जांभळं पिकली होती. फार तर दहा दिवस टिकली असती.

"नेऊ की," त्र्यंबकराव म्हणाले. "आवाज तेवढा कळू दे."

"आवाज आला तरी गाडी चालते ना?"

"चालते. पण अशी चालवणं म्हणजे गाडीवर अन्याय आहे."

"बरं," कुमुदबाई म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं झाली की बायका जसं म्हणतात तसं म्हणाल्या.

रविवारी मंडळ भरलं. अध्यक्ष सांबर होते. त्यांनी बांबूच्या काठीचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. त्र्यंबकरावांनी गिअर बदलला. कट्, कुर्र.

"बेअरिंग," सांबर म्हणाले.

"बेअरिंग असं वाजत नाही," घुबड म्हणालं. "दात घासलाय. तिसऱ्या गिअरचा."

"तुम्ही काठी लावून ऐकलंत का?"

"मला काठी लागत नाही."

मग वाद पेटला. दुपारपर्यंत दोन तट पडले. कुणी कुणाशी बोलेना. त्र्यंबकराव मधोमध उभे होते आणि सगळे त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत होते. त्यांना दुसरा चहा मिळाला. तिसराही मिळाला. तो त्यांनी नको नको म्हणत घेतला.

सोमवारी त्यांनी हुसेन मिस्त्रींना बोलावलं. हे मुंगूस. गाडीखाली शिरायचं तर मुंगसासारखं कोणी नाही. मिस्त्री कमी बोलत आणि कुठल्याही मंडळात नव्हते.

आधी मिस्त्रींनी गाडी चालवली. चढावर, उतारावर, चारही गिअर टाकून बघितले. आवाज आला नाही.

"परक्या हाताला वाजत नाही ती," त्र्यंबकराव जरा अभिमानाने म्हणाले.

मग ते स्वतः बसले. कट्, कुर्र. मिस्त्री शेजारी होते. ते खाली वाकले आणि बराच वेळ त्र्यंबकरावांच्या पायाकडे बघत राहिले.

"साहेब, गाडी बंद करा. चावी माझ्याकडे द्या. हां, आता क्लच दाबा."

त्र्यंबकरावांनी दाबला. कट्, कुर्र.

मिस्त्रींनी घसा साफ केला. "साहेब, गिअरबॉक्स नाही. गुडघा आहे. तुमचा."

त्र्यंबकरावांनी क्लच पुन्हा दाबून बघितला. कट्, कुर्र.

"बंद गाडीतसुद्धा आवाज येतो," त्र्यंबकराव शेवटी म्हणाले. "म्हणजे दुखणं फारच मुरलंय. गिअरबॉक्स उतरवा."

"साहेब, तीळतेल चोळा आणि शेक घ्या. आठ दिवसांत बरं वाटेल."

"उतरवा म्हणतो ना."

मुलांनो, हसू नका. त्र्यंबकरावांना सगळं कळलं होतं. त्यांच्या वडिलांचा गुडघा असाच वाजायला लागला आणि त्याच वर्षी वडिलांनी मोटारीची चावी त्यांच्या हातात ठेवली. मग ते ओट्यावर बसले ते बसलेच. त्र्यंबकरावांना भीती वाटली. अगदी साधी भीती. गिअरबॉक्स निदान उतरवता तरी येतो. मला अक्षरं पुसट दिसायला लागली तेव्हा मी आधी घरातले चार दिवे बदलले होते. म्हणून त्र्यंबकरावांना नावं ठेवायचं काम मी तुमच्यावर सोपवलं आहे.

गिअरबॉक्स उतरला. अंगणात गोणपाटावर त्याचे भाग मांडले गेले. मिस्त्रींनी एकेक चाक रॉकेलमध्ये धुतलं. दात नव्यासारखे होते. बेअरिंग गुळगुळीत फिरत होतं. त्र्यंबकराव भिंग घेऊन प्रत्येक दात बघत बसले. पहिल्या दिवशी काही सापडलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून बघितलं. एक वही केली. तिच्यात तारखेनिशी निरीक्षणं लिहू लागले.

"वारा सुटलाय," कुमुदबाई गुरुवारी म्हणाल्या. "खाली सडा पडला असेल."

"दोन दिवस थांब. जवळ आलोय मी."

शनिवारी सकाळी कुमुदबाईंनी विचारलं नाही. त्या अक्काकडे गेल्या. अक्काला त्यांनी पाठीवर घेतलं, अस्वलिणी पिल्लांना घेतात तसं. अक्का हाडं हाडं झाली होती, तरी ती पिल्लू नव्हती. नदीची वाट त्र्यंबकरावांच्या अंगणावरून जात होती.

त्र्यंबकरावांनी भिंग खाली ठेवलं. कुमुदबाई पाऊल टाकत होत्या आणि पावलागणिक आवाज येत होता. कट्, कुर्र. कट्, कुर्र. दोन्ही गुडघ्यांतून. तो किती वर्षांपासून येत होता कोण जाणे. घरातलं इतकं चालणं त्यांनी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

"मी येऊ का?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"एवढं सगळं उघडं पडलंय, ते सोडून कसे याल?" कुमुदबाई म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

"कोण बोलतंय गं?" अक्काने पाठीवरून विचारलं.

"हे आहेत. गाडी बघतायत."

आणि त्या उतारावरून खाली गेल्या. त्र्यंबकराव बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग त्यांनी वही उघडली आणि लिहिलं : आवाज आता गाडीबाहेरही येतो.

संध्याकाळी दोघी परतल्या. झाडावर थोडीच उरली होती, पण अक्काला पुरली. तिचं तोंड जांभळंनिळं झालं होतं आणि ती पाठीवरच झोपली होती. कुमुदबाईंनी पळसाच्या पानाचा एक द्रोण गोणपाटाच्या कडेला ठेवला. त्यात जांभळं होती. त्र्यंबकरावांनी ती खाल्ली. त्यांना लाज वाटली. कुमुदबाई पायाला तेल चोळत बसल्या होत्या, त्यांच्यापाशी जाऊन ते म्हणाले, "उद्या मंडळात सांगूनच टाकतो."

"काय सांगणार?"

"आहे ते."

रात्रीतून मिस्त्रींनी गिअरबॉक्स परत चढवला. सकाळी त्र्यंबकराव वडाखाली पोचले. गाडी कडेला उभी केली, बंद केली आणि येऊन सगळ्यांत बसले. सांबर आणि घुबड अजून एकमेकांशी बोलत नव्हते. सगळे त्र्यंबकरावांकडे बघत होते.

त्र्यंबकराव बोलायला उठले. उठताना आवाज आला. कट्, कुर्र.

मंडळातल्या सगळ्या माना एकदम गाडीकडे वळल्या. गाडी वीस पावलांवर होती.

"बंद गाडी. मालक लांब," सांबर हळूच म्हणाले. "असं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही."

"मीही नाही," घुबड म्हणालं. आठ दिवसांत दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले.

त्र्यंबकरावांच्या ओठांवर खरं काय ते आलं होतं. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. इतका आदर त्यांच्या वडिलांनाही कधी मिळाला नव्हता.

"परत उतरवावा लागणार," ते म्हणाले.

तात्पर्य : दोष नेहमी गाडीतच शोधावा. स्वतःत शोधायला गेलं तर तो लगेच सापडतो, आणि मग रविवारी करायचं काय?