दोन संचांमधला खटका

अर्ध्या तासाचं काम आहे, असं आप्पांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं घड्याळाकडे न बघता कॅलेंडरकडे बघितलं.

तिला अनुभव होता. निवृत्तीनंतर आप्पांनी अर्ध्या तासाची तीन कामं काढली होती आणि त्यातलं नळाचं अजून चालूच होतं. पण आप्पांचं म्हणणं, नळ हा आपला विषयच नव्हता. बॅटऱ्या म्हणजे घरचं अंगण. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये त्यांनी सव्वीस वर्षं घालवली होती.

घर वस्तीच्या अगदी टोकाला, चढावर होतं. विजेच्या तारा खालच्या वळणापर्यंत येऊन जणू दमून थांबल्या होत्या. त्यामुळे दिव्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं छपरावरच्या सोलरवर चालायचं. जिन्याखालच्या कपाटात चार जुन्या बॅटऱ्या होत्या. त्या थकल्या म्हणून मुलानं चार नव्या आणून दिल्या आणि तो परगावी कामावर निघून गेला. सोलरवाला म्हणाला, जुन्या भंगारात टाका, नव्यांना जोडू नका, त्या नव्यांनाही आपल्याबरोबर खाली ओढतील. आप्पांना तो आपल्याचबद्दल बोलतोय असं वाटलं. जुन्यांत अजून निम्मा जीव आहे, त्यांनी सुनावलं. जोडायच्या कशाला? मधे एक खटका बसवायचा. डावीकडे वळवला की जुना संच, उजवीकडे नवा, मधोमध सगळं बंद. आम्ही एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसरं काय केलं?

एक्स्चेंजचं नाव निघालं की आप्पांचा आवाज हळू व्हायचा. आम्लाचा नाकात चढणारा वास, काचेच्या हंड्यांसारखे ओळीनं मांडलेले सेल, भिंतीवर तांब्याच्या पात्यांचे हातभर खटके. बाहेर गावभर माणसं फोनवर भांडायची, लग्नं ठरवायची, तब्येती विचारायची, आणि त्या सगळ्या बोलण्यामागचा दम या खोलीतून जायचा. तिथेही दोन संच होते. एक गावाला बोलतं ठेवायचा, तोवर दुसरा चार्ज होऊन घ्यायचा. रोज सकाळी अदलाबदल. त्याला दोन माणसं लागत, एक आप्पा आणि दुसरा त्यांचा जोडीदार. त्याला सगळे फ्यूज म्हणायचे, कारण तो कधी उडेल याचा नेम नसे.

"तोडलं?" आप्पा विचारायचे.

"तोडलं. जोड," फ्यूज म्हणायचा.

सव्वीस वर्षं त्यांचा दिवस या दोन वाक्यांनी सुरू झाला होता. चहा त्यानंतर.

अकरा वर्षांपूर्वी एक्स्चेंज बंद झालं. शेवटचा खटका ओढतानाचा फोटो काढायचं ठरलं आणि आप्पा इस्त्रीचा शर्ट घालायला गेले. परत येतात तो फ्यूजनं खटका ओढलाही होता. फोटोत फ्यूजचा हात, साहेबांचं हसू आणि मागे खुंटीवर आप्पांचा रबरी एप्रन, एवढंच आलं. फ्यूज म्हणाला, साहेबांना गाडी पकडायची होती, मी काय करू? आप्पा म्हणाले, सव्वीस वर्षांत मी एकदाही तुझ्या आधी हात लावला नाही. तेव्हापासून अबोला. तोही एकाच गावात राहून. भाजीच्या दुकानात फ्यूज दिसला की आप्पा कोबीच्या ढिगामागे इतके वाकायचे, की दुकानदार त्यांना कोबीच बांधून द्यायचा. घरी कोबी फार व्हायचा.

तर, खटका. आप्पांनी खरोखरच चाळीस मिनिटांत तो बसवला. इन्व्हर्टरची तार जुन्या संचावरून काढून खटक्याच्या मधल्या बोल्टला लावली, दोन्ही बाजूंना एकेक संच जोडला, नट पिळले आणि सगळ्यांना बोलावलं. बायको हात पुसत आली. सूनबाई कॉम्प्युटरवर मुलांना गाणं शिकवायची, ती एक कान क्लासकडे ठेवून आली. आप्पांनी खटका उजवीकडे वळवला. दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. मुहूर्त साधल्यासारखे आप्पा गंभीर झाले आणि आता घर नव्या संचावर आहे, जुना राखीव, असं त्यांनी सांगितलं.

दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला, छपरावर ऊन तापत असताना, इन्व्हर्टरनं शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज काढला आणि घर बंद पडलं.

आप्पांनी कपाट उघडलं. छपरावरून आलेली वीज बॅटऱ्यांत भरणाऱ्या चार्जरवर हिरवा दिवा होता. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. शेजारी इन्व्हर्टर सांगत होता, बॅटरी रिकामी. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. आप्पांनी तिसऱ्यालाच पकडलं. वॉशिंग मशीन कोणी लावलं होतं, त्यांनी विचारलं. बायकोनं सांगितलं की तिनं लावलं होतं, आणि आत आप्पांचेच शर्ट आहेत.

मग खटका डावीकडे, जुन्या संचावर. घर झकास चालू लागलं. नव्यांना एक दिवस आराम देऊन आप्पांनी तो पुन्हा उजवीकडे वळवला. अर्ध्या तासात मांजर ओरडलं. आप्पांनी घरात कडक शिस्त लावली. इस्त्री बंद, मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद. बायको पाट्यावर चटणी वाटू लागली, आणि प्रत्येक घासाला आप्पांना ते ऐकवू लागली. तरी उजवीकडे वळवलं की घर आडवं.

नव्या बॅटऱ्याच नासक्या निघाल्या, असा निकाल आप्पांनी दिला आणि सोलरवाल्याला फोनवर पंधरा मिनिटं झापलं. तो बिचारा टेम्पो घेऊन आला, चारही धोंडे उचलून घेऊन गेला, दोन दिवसांनी परत आणून कपाटात होते तसे जोडून दिले. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. डॉक्टरकडे गेल्यावर पोटदुखी थांबावी, तशी त्यांची तक्रार दुकानात थांबली होती. आणखी दोन दिवसांत घरी पुन्हा सुरू झाली. सोलरवाल्यानं आता आप्पांचा फोन उचलणं सोडलं.

आता जुना संच वापरा ना, तो चालतोय, असं बायको म्हणाली. आप्पांनाही ते कळत होतं. पण जुन्यांत निम्माच जीव. रविवारी सकाळी सूनबाईच्या क्लासचा कार्यक्रम होता, बावीस मुलं आपापल्या घरून गाणार होती, आजी-आजोबांसकट सगळे ऐकणार होते. तीन तास चालणार. शनिवारी सकाळी रंगीत तालमीला जुन्या संचानं दीड तासात मान टाकली, कारण आकाश भरून आलं होतं. एक लहान मुलगी वरच्या सुरावर असताना पडदा काळा झाला. सूनबाई नुसती काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. आप्पांना ओरडा परवडला असता.

तेवढ्यात बायकोनं एक चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. त्यावर फ्यूजचा नंबर होता. तो तिच्याकडे अकरा वर्षं होता. दोघांच्या बायकांचा अबोला कधी झालाच नव्हता.

आप्पा बराच वेळ चिठ्ठी धरून बसले. मग त्यांनी फोन लावला, आणि पलीकडून आवाज आला. आप्पा म्हणाले, "तोडलं, पण जोडता येत नाहीये."

"आलोच," फ्यूज म्हणाला.

तो खरंच वीस मिनिटांत आला. केस पांढरे, पोट पुढे, हातात एक्स्चेंजच्या दिवसांतलाच चामडी पाकिटातला मीटर. नमस्कार वगैरे न करता जिन्याखाली शिरला. आप्पा त्याच्यामागे वाकून उभे राहिले आणि त्यांना एकदम आम्लाचा वास आल्यासारखा वाटला. फ्यूजनं मीटरची टोकं इथे तिथे लावली, एक तार बोटानं शेवटपर्यंत चाचपली, आणि तो हसू लागला. इतका, की कपाटाच्या दाराला धरून खाली बसला.

"अरे, चार्जरची तार जुन्यावरच आहे की," तो म्हणाला. "एकाला बसवून खायला घालतोयस आणि दुसऱ्याला उपाशी राबवतोयस."

आप्पांनी पाहिलं. खरंच होतं. इन्व्हर्टरची तार त्यांनी हलवली होती. शेजारची चार्जरची तार तिथेच होती, तिला त्यांचं बोटही लागलं नव्हतं.

"ही कशी नजरेतून सुटली?" ते पुटपुटले.

फ्यूज हसायचा थांबला. "एक्स्चेंजमध्ये चार्जरची बाजू माझी होती ना, गावाकडची तुझी," तो म्हणाला. "तुला मी कधी हातच लावू दिला नाही."

मग फ्यूजनं दाखवलं आणि आप्पांनी पान्हा चालवला. छपराची वीज आधी बंद, मग चार्जरची तार खटक्याच्या मधल्या बोल्टवर. म्हणजे जो संच राबेल, तोच जेवेल. खटका हलवण्याआधी दर वेळी छपराकडची वीज तोडायची, नाहीतर चार्जर जळेल, असं फ्यूजनं चारदा बजावलं. नट बसल्यावर त्यानं पान्हा खाली ठेवला आणि हात मागे घेतले.

"तू ओढ," तो म्हणाला. "मी छपराचं बघतो."

"तोडलं?" आप्पांनी विचारलं.

"तोडलं. जोड."

दुपारी ढग पांगले आणि संध्याकाळपर्यंत नव्या बॅटऱ्यांनी भरपूर भरून घेतलं. रविवारचा कार्यक्रम तीन तास दहा मिनिटं चालला. बाविसाव्या मुलानं तीन कडवी जास्तच म्हटली, तरी इन्व्हर्टर हूं का चूं बोलला नाही. आप्पा दाराआड उभे राहून सगळं ऐकत होते आणि गाणं संपलं की बायकोला सांगत होते, अर्ध्या तासाचंच काम होतं, मी म्हटलं नव्हतं?

सोमवारी सकाळी फ्यूजचा फोन आला. तो बराच वेळ हवापाण्यावर बोलला. मग घसा खाकरून म्हणाला की, त्यानंही दोन महिन्यांपूर्वी घरी सोलर बसवलंय, सगळं स्वतःच्या हातानं. बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या आहेत, दोन्ही संच, चार्जरवर सदा हिरवा दिवा.

"मग अडचण काय?" आप्पांनी विचारलं.

"त्यावर घरात अजून एकही बल्ब लागलेला नाही," फ्यूज म्हणाला. "तुझी बाजू कशी जोडतात रे?"